जावांचं पुस्तक

दिवाळी अंकाच्या संपादकांनी वाचनालयातल्या नोकरीबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा मी त्यांना आधीच बजावलं की मी कधी लागले, कशी लागले आणि निरोपाला कोणती शाल मिळाली हे मी लिहिणार नाही. ते म्हणाले, "मग काय लिहाल?" मी म्हटलं, "बापूरावांचं लिहिते." त्यांची हरकत नव्हती, पण बापूरावांची असू शकली असती, म्हणून मी त्यांच्या घरी जाऊन विचारून आले. ते म्हणाले, "लिवा न. लपवाचं काय हाये त्याच्यात? फक्त नाकाचं जरा सांभाळून लिवा."

तेव्हा नाकाबद्दल मी जेवढ्यास तेवढंच लिहिणार आहे.

केनवडच्या एका छोट्या वाचनालयात मी ग्रंथपाल होते. ग्रंथपाल म्हणजे पंख्याखाली बसून दिवसभर कादंबऱ्या वाचणारी बाई, असा लोकांचा समज असतो. माझ्या सासरी तर तो शेवटपर्यंत होता. खरं काम वेगळंच असतं. आलेल्या पुस्तकाला शिक्का मारायचा, नंबर द्यायचा, विषय ठरवायचा आणि मग त्याला वाळवी, उंदीर आणि वाचक या तिघांपासून वाचवायचं. पहिल्या दोघांवर औषध मिळतं.

वाचकांचे नमुने सांगायचे तर अंक पुरणार नाही. एक निवृत्त गुरुजी होते. ते पुस्तक वाचताना लेखकाच्या चुका लाल पेनानं दुरुस्त करायचे आणि शेवटच्या पानावर दहापैकी मार्क द्यायचे. मोठ्या मोठ्या लेखकांना त्यांनी काठावर पास केलेलं आहे. मी त्यांना बोलले तर म्हणाले, "बाई, मी लिहिलंय ते वाचून तर पाहा." वाचलं. निम्म्या ठिकाणी त्यांचंच बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला. पुस्तक परत आलं की वासावरून आणि डागावरून ते कोणाच्या घरून आलं हे मी सांगू शकायची. ही विद्या कुठल्या परीक्षेला विचारत नाहीत, पण तिचा मला अजून अभिमान आहे.

तर ते पुस्तक. कारंज्याच्या एका जुन्या जिनिंगमध्ये कोणे एके काळी मुनीम असलेल्या गृहस्थांचा नातू आमच्या गावात राहायला आला होता. आजोबांचं जुनं घर रिकामं करताना त्यानं पुस्तकांची दोन पोती आणून आमच्या ओट्यावर टाकली. पंचांगं, कापसाच्या भावाची पत्रकं, इंग्रजी व्याकरण, आणि तळाशी धोतरात गुंडाळलेलं हे. पाटाएवढं मोठं, हिरव्या कापडी बांधणीचं, वर सोनेरी अक्षरं. आत पानापानावर रंगीत चित्रं आणि प्रत्येक चित्रावर कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ कागद. दीडशे वर्षांच्या आसपास जुनं असावं. जिनिंगमध्ये कापूस घ्यायला परदेशी साहेब यायचे, त्यातल्या कोणीतरी मुनिमाला दिलं असेल, एवढंच नातवाला ठाऊक होतं. त्या साहेबाचा पुढे मी पुष्कळ शोध घेतला. लागला नाही, याची हळहळ आहे.

पुस्तक कोणत्या भाषेत आहे हेच आधी कळेना. हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे खाडे सर आमचे जुने सभासद. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाले, "अक्षरं इंग्रजीच आहेत. शब्द नाहीत." शेवटी त्यांच्या मोबाईलनं सांगितलं की ही डच भाषा, म्हणजे हॉलंडची. मुखपृष्ठावर एक शब्द मात्र आम्हा दोघांनाही वाचता आला, तो म्हणजे जावा. जावा बेटावरच्या लोकांचं राहणीमान एका प्रवाशानं चित्रांसह लिहिलेलं होतं. मी नोंद केली, 'जावा लोकजीवन, सचित्र', आणि नवीन पुस्तकांच्या फळ्यावरही खडूनं तेच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयात बायाच बाया. एरवी आमच्याकडे दुपारी पेपर वाचता वाचता झोपणारे म्हातारे तेवढे असत. सगळ्यांच्या पुढे शेवंताबाई. या बाजारात भाजी विकतात आणि साप्ताहिकं नेमानं नेतात.

"बाई, ते जावांचं पुस्तक द्या बरं," त्या म्हणाल्या.

"जावा बेटाचं आहे ते, शेवंताबाई."

"बेटाचं म्हना का लेकीचं म्हना. आमच्या धाकट्या जावेसारखी कोनी हाये का त्याच्यात, तेवढं पाहू द्या."

मी समजावलं की जावा हे एक बेट आहे, तिकडे दूर समुद्रात, आणि इथं कोणाच्या दिराच्या बायकोचा काही संबंध नाही. बायांचा थोडा हिरमोड झाला. पण आल्याच आहेत म्हणून मी पुस्तक टेबलावर ठेवलं, हात पुसायला लावले आणि एकेक पान उलटत गेले.

तासभर कोणी हललं नाही. उखळात धान कांडणाऱ्या बाया होत्या. बाजार होता, त्यात केळ्यांचे घड आणि मिरच्यांचे ढीग. पालथ्या घातलेल्या पितळी डेगच्यांसारखी वाद्यं समोर मांडून माणसं ओळीनं बसून वाजवत होती. शेवंताबाई ते चित्र बराच वेळ पाहत राहिल्या. "हे लोक भांडे वाजवून राह्यले," त्या म्हणाल्या, "आमच्या घरी आपटते. बाकी फरक नाही."

मग एक चित्र आलं. मांडी घालून बसलेला एक धिप्पाड माणूस, उघडा, कमरेला नक्षीचं वस्त्र. मागे सोनेरी छत्री उभी. पुढ्यात चकाकणारं पितळी भांडं आणि त्यावर त्याचा हात. डावी भुवई वर चढलेली, गालावर तीळ, आणि नाक, ज्याबद्दल मी शब्द दिलेला आहे.

"अवो," शेवंताबाई म्हणाल्या, "हे तं बापूराव हायेत."

बापूराव म्हणजे गावचे माजी सरपंच आणि आमच्या वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष. वाचनालयातलं एकही पुस्तक त्यांनी कधी उघडलं नव्हतं, पण पत्रे उडाले तेव्हा स्वतः शिडीवर चढून बसवले होते. मी चित्राकडे पाहिलं आणि मला हसू दाबावं लागलं. बापूरावच होते. फक्त बनियन घातलेलं नव्हतं.

संध्याकाळच्या आत बापूराव तणतणत आले. "कोन मंते मायं उघडं चित्र छापलं पुस्तकात? मी कोर्टात जाईन."

मी पान उघडून समोर ठेवलं. ते पाहत राहिले. भिंतीवरच्या आरशापाशी गेले, तिथून परत चित्राशी आले, पुन्हा आरशापाशी गेले. मग खुर्चीत बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, डोक्यावर छत्र हाये. पुढ्यात कलश हाये. मंजे हा राजा हाये."

तिथून जे सुरू झालं ते आवरणं माझ्या हातात राहिलं नाही. बापूरावांचं म्हणणं असं पडलं, की त्यांचे पूर्वज फार मागे समुद्रमार्गे जावाला गेले, तिथं त्यांनी राज्य केलं आणि एक शाखा केनवडला परत आली. त्यांच्या पत्नी कमलबाई या शांत, कमी बोलणाऱ्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमाले रिसोडच्या बसमधी मळमळते. तुमचे पूर्वज जहाजात कशे गेले?"

बापूरावांनी हा प्रश्न सरळ बाजूला सारला. चित्राचा फोटो मोबाईलवरून गावभर गेला. लोक त्यांना रामराम करायचे ते 'महाराज' म्हणू लागले. अर्धे गमतीनं म्हणायचे, अर्धे काम असायचं म्हणून, आणि बापूराव दोघांनाही सारखाच मान द्यायचे. आठवड्याभरात बसस्टँडवर फ्लेक्स लागला. एका बाजूला गॉगल घातलेले बापूराव, दुसऱ्या बाजूला छत्रीवाले, आणि मध्ये 'परंपरा थोर घराण्याची'. बाहेरगावचे लोक विचारायचे, हे दोन भाऊ कोणत्या पक्षात आहेत?

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. मग बापूराव समितीच्या बैठकीत उभे राहिले आणि त्यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. पहिली अशी, की सडकेला लागून असलेल्या आपल्या जागेतला एक तुकडा ते वाचनालयाच्या नव्या खोलीसाठी देणार. आमची खोली पावसाळ्यात गळायची, कपाटांवर मी प्लास्टिक पांघरायची, तेव्हा मी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. दुसरी अशी, की पुस्तकातलं ते पान कापून, फ्रेम करून, त्यांच्या घरच्या बैठकीत लागणार. माझे हात तिथंच थांबले.

बैठक संपल्यावर मी त्यांना म्हटलं, "बापूराव, पान कापता येणार नाही."

"काहून? एवढं जाडजूड पुस्तक हाये. एका पानानं काय फरक पडते?"

मग मी त्यांना शिवण दाखवली. जुनी पुस्तकं चिकटवत नसत, शिवत असत. मोठा कागद मधोमध दुमडला की त्याची दोन पानं होतात. असे दुमडलेले कागद एकात एक घालून मधून दोरा ओवतात. त्यामुळे प्रत्येक पानाला पुढे कुठंतरी त्याचं जोडपान असतं. एक कापलं की दुसरं गळून पडतं. बापूरावांच्या पानाचं जोडपान कोणतं, हे मी आधीच पाहून ठेवलं होतं. ते होतं जावातल्या बोरोबुदूरच्या बौद्ध स्तूपाचं.

माझं माहेर आसेगावचं. तिथल्या विहारात त्या स्तूपाचा फोटो असलेलं एक कॅलेंडर कितीतरी वर्षं लागलेलं असे, महिने उलटून गेले तरी कोणी काढत नसे. पुस्तकातल्या चित्रात तो स्तूप अर्धा झाडाझुडपांत बुडालेला होता, दगडांच्या फटीतून गवत आलेलं, आणि एका कोपऱ्यात बुद्धाची मूर्ती उन्हात शांत बसलेली. केनवडच्या आमच्या वस्तीतली माणसं ते चित्र पाहायला कामावरून थेट यायची, चपला बाहेर काढून. राजाचं मला काही नव्हतं. पण ते पान सुटलं असतं तर आज ना उद्या हरवलंच असतं. सुटी पानं किती दिवस टिकतात हे मी नोकरीभर पाहिलेलं होतं.

बापूरावांना शिवण कळली, पण पटली नाही. "तुमी डिंकानं चिटकवून टाका ते दुसरं पान. तुमचा हात चांगला हाये." नाही म्हणावं तर खोली जाणार, हो म्हणावं तर पुस्तक. मी वेळ काढायचं ठरवलं. म्हटलं, "आधी चित्राखाली काय लिहिलंय ते वाचून घेऊ. फ्रेमखाली महाराजांचं नाव नको का?"

हे त्यांना फार आवडलं. खाडे सरांना बोलावलं. सरांनी मोबाईल चित्राखालच्या ओळीवर धरला. पहिल्यांदा आलं, 'राजकुमाराचा बसलेला डबा'. दुसऱ्यांदा आलं, 'तोंडाचा नोकर छत्री खातो'. तिसऱ्यांदा मोबाईल म्हणाला की आज हवामान ढगाळ राहील. बापूरावांनी त्यातला 'राजकुमार' तेवढा उचलला. मी म्हटलं, असं अर्धवट नाव फ्रेमखाली शोभणार नाही, डच येणारं माणूसच पाहिजे. ते म्हणाले, "आना मंग." त्यांना वाटलं असावं की मी रिसोडहून आणीन.

मलाही कुठून आणावं ठाऊक नव्हतं. पण माझा पुतण्या मिलिंद लोणारला पर्यटकांची जीप चालवतो. उल्का पडून झालेलं ते सरोवर पाहायला परदेशी लोक येतात. त्याला मी सांगून ठेवलं, की हॉलंडचं कोणी आलं तर कळव. बरेच दिवस काही नाही. जर्मन आले, जपानी आले. इकडे फ्रेम तयार होऊन बापूरावांच्या बैठकीत रिकामी टांगली गेली. मग एका सकाळी मिलिंदचा फोन आला. "काकू, एक जोडपं हाये, म्हातारं. पुस्तकाचं सांगतलं तं बाई खाटेवरून उठूनच उभी राह्यली. दुपारी घेऊन येतो."

बापूरावांनी दोन तासांत वाचनालयासमोर मांडव घातला. पाहुणी उतरली. मारिया नावाची, उंच, उन्हानं टोमॅटोसारखी लाल झालेली. मागोमाग तिचा नवरा. सगळं गाव जमलेलं. कमलबाईंनी बेसनाच्या पाटोडीचा रस्सा आणि भाकरी केली होती. नवऱ्यानं ठेचा चटणी समजून चमच्यानं खाल्ला आणि पुढचा सगळा वेळ तो डोळ्यांतून पाणी गाळत, मान हलवत, छान छान म्हणत बसला होता.

मारियाबाईंनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. पहिलं पान उघडून त्या कागदावरून बोटं फिरवत राहिल्या. मग बापूरावांनी स्वतः ते पान उघडून दिलं आणि शेजारी चित्रातल्यासारखे ताठ बसले. डावी भुवई त्यांनी मुद्दाम वर चढवली होती.

मारियाबाईंनी चित्र पाहिलं. बापूरावांकडे पाहिलं. तोंडावर हात ठेवला. मग खालची ओळ मोठ्यानं वाचली आणि तिचा अर्थ इंग्रजीत सांगितला.

"सर, काय मंते?" बापूरावांनी विचारलं.

खाडे सरांचं इंग्रजी फळ्यावर उत्तम चालतं, माणसासमोर जरा अडतं. ते म्हणाले, "स्पि... स्पून म्हणाल्या बहुतेक. चमचा."

"चांदीचा असन," बापूराव म्हणाले.

मला शब्द नीट ऐकू आला होता. अर्थही कळला होता. सांगावा कसा, याचा विचार करत मी उभी होते, तेवढ्यात आपलं कोणाला समजत नाही असं पाहून मारियाबाई उठल्या. त्यांनी हवेतून विड्याचं एक पान घेतलं, त्याला चुना लावला, तोंडात घातलं आणि गाल फुगवून सावकाश चघळायला लागल्या. इकडे तिकडे ऐटीत पाहिलं, राजासारखं. मग चित्रातल्या त्या पितळी भांड्याकडे बोट करून वाकल्या आणि थू केलं.

केनवडमध्ये हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. समोरच्या निम्म्या लोकांच्या गालात त्या वेळी तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. तरीही कोणाला शंका राहू नये म्हणून त्या खाली मांडी घालून बसल्या, ते भांडं हातात धरल्यासारखं करून अदबीनं नवऱ्यापुढे नेलं, आणि तो बिचारा ठेच्यानं व्याकूळ झालेला, त्यानं खरंच थुंकायचा आव आणला.

राजा नव्हता. राजाची पिकदाणी धरणारा माणूस होता.

बसस्टँडवरचा फ्लेक्स मांडवातूनही दिसत होता. लोक बापूरावांकडे पाहत होते आणि पाहत नाही असं दाखवत होते. मला त्यांची दया आली. खोलीची पण आली.

बापूरावांनी घसा साफ केला. "बाई, यायले विचारा, मंग राजा कुठी हाये?"

मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. मारियाबाईंनी चित्रासमोरचा मजकूर वाचला, पान उलटून पुढचाही वाचला आणि सावकाश, एकेक वाक्य करून मला सांगितला. चित्रकार राजाचं चित्र काढायला वाड्यावर गेला होता. राजा झोपलेला. सकाळ गेली, दुपार झाली, राजा काही उठेना. अंगणात हा माणूस छत्री आणि भांडं घेऊन धनी बाहेर येण्याची वाट पाहत बसलेला होता. चित्रकार कंटाळला आणि त्यानं याचंच चित्र काढलं. निघताना तो लिहितो, की या माणसानं त्याला नारळाचं पाणी पाजलं आणि एकही माशी चित्रावर बसू दिली नाही.

मी हे सगळं मराठीत मोठ्यानं सांगितलं. काही गाळलं नाही, काही घातलंही नाही.

बापूराव ऐकत होते. "मंजे राजा झोपेल व्हता," ते म्हणाले.

"हो."

"अन् हा जागा व्हता."

"हो."

"मंग चित्र बराबर मानसाचं काढलं."

कमलबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्या एकदा सुरू झाल्या मग सगळा मांडव हसला, मारियाबाई हसल्या, त्यांचा नवरा रडत रडत हसला, आणि शेवटी बापूरावांचं पोटही हलायला लागलं. फ्लेक्स उतरवायला पोरं निघाली तर त्यांनीच थांबवलं. म्हणाले, राहू द्या, फक्त 'थोर' शब्दावर कागद चिटकवा. तो पुढे बरेच महिने तसाच 'परंपरा घराण्याची' म्हणून लटकत होता.

खोलीची जागा त्यांनी दिली. ठरली होती त्यापेक्षा थोडी मागे, गोठ्याच्या बाजूला, पण दिली आणि ती गळत नाही. फ्रेममध्ये त्यांनी नातीच्या शाळेतल्या बक्षिसाचा फोटो लावला. निवृत्त होईपर्यंत मी ते पुस्तक टेबलावर मागेल त्याला दाखवत होते. आता ते काचेच्या कपाटात असतं आणि किल्ली कोणाकडे आहे हे विचारावं लागतं. मला ते बरं वाटत नाही, पण आता तो माझा प्रश्न नाही.

पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मात्र मी विसरणार नाही. कुलूप काढायला गेले तर बापूराव ओट्यावर बसलेले. मला वाटलं, रात्रीतून राग चढला असेल. ते आत आले, पुस्तक मागितलं, न सांगता हात धुतले आणि टेबलाशी बसून पहिल्या पानापासून उलटायला लागले. तोवर त्यांनी फक्त स्वतःचंच पान पाहिलेलं होतं. बाजार पाहिला, कांडणाऱ्या बाया पाहिल्या, वाजंत्री पाहिली. मधे मधे विचारत होते, हे झाड कशाचं, त्या बैलाचं शिंग असं काहून. स्तूपाच्या पानाशी थांबले. "हेच का ते, मायामुळं सुटनार व्हतं?" मी मान हलवली. मग त्यांनी पातळ कागद त्यावर नीट पसरला आणि पुढे गेले.

दुपार होत आली तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं.

"बाई," ते म्हणाले, "मायं पान सोडलं तं बाकीचं पुस्तक बी चांगलं हाये."

मग कपाटांकडे मान वळवून त्यांनी विचारलं, "हे बाकीचे बी असेच असतात का?"